दोन घरांची लाइन

मुबारकभाई पाय धुऊन आमच्या स्वयंपाकघरात शिरला. हातातली बांबूची लांब कामटी त्यानं तिरकी करून दारातून आत घेतली, सातपुत्यांच्या बाजूच्या भिंतीपासून फरशीवर आडवी ठेवली आणि तिच्या टोकाशी, ओट्याच्या हातभर अलीकडे, टाच आपटली.

"वैनी, हितं अडतंय."

"काय अडतंय?"

"लाइन. काकांच्या चेंबरातनं कामटी घातली तर ती हितवर येती आन थांबती. दगडाला टेकल्यावानी." त्यानं पुन्हा टाच आपटली. "हितं खाली चेंबर हाय का?"

सातपुते काकू माझ्या मागे दारात उभ्या होत्या. पदराचं टोक नाकाशी धरलेलं. सकाळपासून त्यांच्या मोरीत मैल्याचं पाणी उलटं येत होतं, आणि तो वास त्यांच्या लुगड्याला लागून आमच्या घरात आला होता.

"नाही," मी म्हणाले. "इथं कुठलं चेंबर? मी लग्न होऊन आले तेव्हापासून तरी नाही."

मुबारकभाई फरशीकडे बघत राहिला. "एवढ्या लांब लाइनीला मधी चेंबर न्हाई, असं होत न्हाई वो."

काकूंनी पदर नाकावरून काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची, जानेवारीतली. कराडात आमची दोन जुळी घरं होती. मधली भिंत एकच. माझे सासरे रामभाऊ निकम आणि शेजारचे विष्णुपंत सातपुते लहानपणापासूनचे मित्र. दोघांनी मिळून जागा घेतली आणि मिळून घरं बांधली. सातपुते काका बांधकाम खात्यात ओव्हरसीयर होते. त्यांनीच दोन्ही घरांच्या सांडपाण्याला एकच लाइन घातली होती. सातपुत्यांच्या परसातून निघायची, आमच्या परसाखालून जायची आणि रस्त्यावरच्या मोठ्या गटाराला मिळायची. सासरे नेहमी सांगायचे, चर खणायला आम्ही दोघं स्वतः उतरलो होतो, गड्यांबरोबर.

त्या सकाळी आधी नगरपालिकेचा मुकादम येऊन गेला होता. त्यानं रस्त्यावरचं झाकण उघडून दाखवलं. आत पाणी वाहतं होतं.

"आमची लाइन मोकळी आहे," तो म्हणाला. "अडलंय ते तुमच्या हद्दीत. दोन घरांची सामाईक लाइन ती. ती दोघांनी मिळून बघायची. आम्हाला तुमच्या घरात शिरून फरशी फोडता येत नाही."

म्हणून काकूंनी गटारं मोकळी करणाऱ्या मुबारकभाईला बोलावलं होतं.

"चला," मुबारकभाई कामटी उचलत म्हणाला, "काकास्नीच इचारू. त्यांनीच घातलीया लाइन."

मला जायचं नव्हतं. पण मी गेले त्यांच्यामागं. न जाणं आणखी वाईट दिसलं असतं.

काका आतल्या खोलीत पलंगावर होते. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू गेली होती आणि वाचा बंद झाली होती. समजत सगळं होतं. उशाशी शाळेतल्या मुलांची असते तशी पाटी असायची. तिच्यावर ते डाव्या हातानं वाकडी अक्षरं काढायचे. दोन शब्द लिहायला त्यांना बराच वेळ लागायचा, आणि समोरच्यानं मध्येच अंदाज बांधलेला त्यांना खपायचा नाही.

मोरी त्यांच्या खोलीला लागूनच होती. काकूंनी उंबऱ्याशी जुन्या चादरी गुंडाळून लावल्या होत्या. त्या भिजून काळ्या पडल्या होत्या.

"काका," मुबारकभाईनं पलंगाशी वाकून विचारलं, "वैनींच्या बाजूला मधी चेंबर हाय का? कुटं हाय?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काकूंनी पाटी त्यांच्या पोटावर ठेवली आणि पेन्सिल हातात दिली. काकांनी एक आडवी रेघ ओढली. तिच्या एका टोकाला चौकोन काढला. त्यांच्या परसातलं चेंबर. पेन्सिल रेघेवरून पुढे सरकत गेली आणि मध्यावर थांबली.

ते पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. मी पाटीकडे बघत राहिले.

मग त्यांनी तळव्यानं पाटी पुसली. आणि सावकाश लिहिलं, "आठवत नाही."

माझ्या जिवात जीव आला. आजारानं डोक्यावरही परिणाम झाला असेल, असं मी मनाशी म्हणाले. दुसऱ्याच क्षणी त्या विचाराची लाज वाटली. पण सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं.

चेंबर होतं. ओट्यापासून हातभर अलीकडे, मुबारकभाईनं टाच आपटली तिथंच.

सहा वर्षांपूर्वी सातपुते काका-काकू नातवाला सांभाळायला तीन महिने पिंपरीला शरदकडे गेले होते. शरद त्यांचा एकुलता एक मुलगा. त्या तीन महिन्यांत आम्ही परसात स्वयंपाकघर वाढवलं. परवानगी घेतली नव्हती, म्हणून घाई होती. गवंडी जोत्याचा माल टाकत होता तेव्हा मी चेंबरच्या झाकणाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "अहो, हे?" हे म्हणाले, "राहू दे. पक्कं आहे. वीस वर्षांत कधी उघडावं लागलंय?" झाकणावर फरशी बसली. काका परत आले तेव्हा परसात उभे राहून नवं बांधकाम बराच वेळ बघत होते. "प्रताप, चेंबर बाहेर घेतलंस ना?" त्यांनी ह्यांना विचारलं. "हो काका, घेतलंय," हे म्हणाले. काका "बरं" म्हणाले आणि आत गेले. बाहेर कुठं झाकण दिसत नव्हतं, हे आयुष्यभर ओव्हरसीयरकी केलेल्या माणसाला कळलं नसेल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही.

संध्याकाळी हे कारखान्यातून आले तसं मी सगळं सांगितलं.

"मग आता?" मी विचारलं. "ओटा काढून फरशी फोडावी लागेल."

"बारा दिवसांवर साखरपुडा आलाय, शैला."

"काकांच्या खोलीपर्यंत पाणी आलंय हो."

"मी नाही म्हणतोय का? कार्य झालं की दुसऱ्या दिवशी फोडू. पण आत्ता? इचलकरंजीची माणसं घरात येणार, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उघडं गटार? एकदा मोडलंय आपल्या पोरीचं. आता पुन्हा नको."

आमची वैजयंती सव्वीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी ऐनवेळी मोडलं होतं. कारण कधी नीट सांगितलं नाही. त्यानंतर वैजू वर्षभर कुणाच्या लग्नाला गेली नाही. बँकेतून आली की खोलीचं दार लावून घ्यायची. आता कुठं ती पुन्हा आरशासमोर उभी राहायला लागली होती. त्या आठवड्यात तिनं ब्लाउजला कुठली लेस लावायची, यावर माझ्याशी तासभर वाद घातला होता, आणि तो वाद घालताना मला मनातून आनंद होत होता.

बारा दिवसांचा तर प्रश्न, असं मी ठरवलं.

आणि मग मी सातपुत्यांची सेवा करायला लागले. दुसरा शब्द नाही. आमचं सांडपाणी अडथळ्याच्या पुढे लाइनीला मिळत असल्यामुळे आमच्याकडे काही तुंबत नव्हतं. "काकू, अंघोळ-बिंघोळ सगळं आमच्याकडेच करा. परक्यासारखं करू नका," मी म्हणाले. रोज सकाळी मी बंबात दोन घरांचं पाणी तापवायचे. काकांच्या अंघोळीची बादली स्वतः उचलून नेऊन द्यायचे. दुपारची भाजी-भाकरी माझ्याकडून जायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, शेजारीण असावी तर अशी. मी त्यांना "अहो, त्यात काय" म्हणायचे.

मुबारकभाई दोनदा येऊन सातपुत्यांच्या बाजूनं कामट्या मारून गेला. कुठलंसं पावडरीचं औषध ओतून पाहिलं. पाणी चार बोटं उतरायचं आणि दुपारपर्यंत पुन्हा चढायचं.

काकू अंघोळीला आल्या की मी त्यांना चहा द्यायचे. त्या स्वयंपाकघरात फरशीवरच बसायच्या, भिंतीला टेकून. चहा संपला तरी उठायच्या नाहीत. रिकामा कप हातात धरून बसून राहायच्या. मी वाटण करायचे, काकडी चोचवायचे, काहीतरी करत राहायचे. त्यांनी पाय पसरले की टाचा बरोबर त्या जागेवर यायच्या.

"वैजूची तयारी झाली का?" त्या विचारायच्या.

"होत आली."

"बरं." मग कप हातात फिरवत राहायच्या. थोड्या वेळानं, "येते मग," म्हणून उठायच्या. दारापाशी क्षणभर थांबायच्या आणि जायच्या.

एके दिवशी मी त्यांना म्हटलं, "काकू, थोडे दिवस कळ काढा. होईल सगळं नीट." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी घाईघाईनं गॅसकडे वळले.

सातव्या दिवशी काकांना ताप आला. पाठीवर पूर्वीपासून एक जखम होती, पडून पडून झालेली. ती चिघळली. डॉक्टर खोलीत आले आणि नाकाला रुमाल लावूनच बाहेर पडले. "ह्या घाणीत पेशंटला ठेवून मी काय औषध देऊ?" ते काकूंवर चिडले. "आधी खोली बदला, नाहीतर घर बदला."

ती दोन वाक्यं मी भिंतीपलीकडून ऐकली. हातातला झारा खाली ठेवला आणि ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आजच फोडू या."

"पाच दिवस राहिलेत, शैला."

"ताप आहे त्यांना."

"म्हणून मी शरदला फोन केलाय. तो येतोय न्यायला. पिंपरीला चांगले डॉक्टर आहेत. इथं राहण्यापेक्षा त्यांच्यासाठी तेच बरं." त्यांचा आवाज खाली आला. "मला काय बरं वाटतंय का? अंगाखांद्यावर खेळलोय मी काकांच्या."

वैजू शेजारच्या खोलीत गाणं गुणगुणत साडीला फॉल लावत होती. मी परत येऊन झारा उचलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शरद गाडी घेऊन आला. चौघांनी काकांना खुर्चीत बसवून उचललं. बाहेरच्या दारापर्यंत खुर्ची सरळ गेली. दाराशी आल्यावर त्यांनी डावा हात लांब करून चौकट धरली. खुर्ची थांबली.

"बाबा, हात सोडा," शरद म्हणाला. "बरं वाटलं की परत येऊ."

काका सोडेनात. घशातून कसलासा आवाज निघत होता. शरदचे डोळे भरून आले, तो दुसरीकडे बघायला लागला. शेवटी काकू पुढे झाल्या. त्यांनी एकेक बोट सोडवलं. करंगळीपासून सुरुवात केली. बोटं सोडवताना त्या हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या, लहान मुलाची समजूत घालतात तशा.

मी हातभर अंतरावर उभी होते. त्या क्षणी बोलले असते तर खुर्ची आत गेली असती. घणाचे चार घाव आणि तासाभराचं काम. माझ्या ओठांवर शब्द आले होते, खोटं सांगत नाही. पण बाहेर आलं ते वेगळंच.

"काळजी घ्या, काका," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

साखरपुडा छान झाला. इचलकरंजीची माणसं साधी निघाली. मुलाची आई आपण होऊन स्वयंपाकघरात आली, पुरणपोळ्या वाढायला लागली, म्हणाली, "किती लख्ख ठेवलंय हो तुम्ही सगळं." मुलाच्या कसल्याशा बोलण्यावर वैजू मोठ्यानं हसली. कितीतरी दिवसांनी मी ते हसणं ऐकलं. मी त्या दिवशी सुखी होते. ते नाकारून चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मुबारकभाई घण घेऊन हजर होता. मीच वैजूला पाठवून त्याला बोलावलं होतं. मी बोट ठेवून जागा दाखवली तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून पुढं कधी त्यानं मला वैनी म्हणून हाक मारली नाही. "बाई" म्हणायला लागला.

ओटा फोडावा लागला नाही. तीन फरशा निघाल्या, खाली माल, त्याखाली झाकण. झाकण उचललं तेव्हा आतलं पाणी काठापर्यंत होतं. मुबारकभाईनं उपसून उपसून तळ गाठला, आणि हात घालून एक गोळा बाहेर काढला. उखळाएवढा, काळा, वजनदार. पाण्याखाली धरल्यावर कळलं. सिमेंटचा होता. आमच्या गवंड्यानं उरलेला माल चेंबरात लोटून वर झाकण टाकलं होतं. सहा वर्षं त्याच्यावर घाण धरत गेली होती.

गोळा निघाला तशी लाइन घळघळत मोकळी झाली. भिंतीपलीकडून सातपुत्यांच्या मोरीतलं पाणी उतरल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. अर्धा तास लागला असेल सगळ्याला.

मी हात धुतले आणि शरदच्या घरी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं. लाइन मोकळी झाली, मोरी मी स्वतः फिनेलनं धुऊन ठेवते, काकांना घेऊन या. चेंबर कुठं सापडलं, तेही सांगणार होते. सगळं सांगणार होते.

फोन शरदनं उचलला.

"शरद, मी शैलावहिनी. अरे, लाइन..."

"वहिनी," तो म्हणाला, "बाबा गेले. पहाटे पाच वाजता."

मुबारकभाई हत्यारं गोळा करत होता. हे दारात उभे होते. मी रिसीव्हर खाली ठेवला आणि त्या उघड्या चेंबरच्या काठाशी बसले. कुणी काय झालं म्हणून विचारलं नाही. कळलंच असावं.

पिंपरीला आम्ही दोघं जाऊन आलो. घर माणसांनी भरलेलं होतं. काकूंशी दोन शब्दही बोलता आले नाहीत. तेरावं झाल्यावर त्या सामान न्यायला कराडला आल्या. शरद कागदपत्रांसाठी तलाठ्याकडे गेला होता. मी त्यांच्या घरात गेले तेव्हा त्या काकांचे कपडे घड्या करून वेगळे ठेवत होत्या. गरिबांना द्यायला.

मी जमिनीवर त्यांच्यासमोर बसले. "काकू, मला तुम्हाला काही सांगायचंय. चेंबर..."

"तुझ्या स्वयंपाकघराखाली होतं," त्या सदऱ्याची घडी घालत म्हणाल्या. "ठाऊक आहे."

"मुबारकभाईनं सांगितलं?"

"ह्यांनी सांगितलं. पहिल्याच दिवशी, मुबारक यायच्या आधी. पाणी वर आलं तशी पाटी मागितली आणि लिहून दाखवलं, कुठं आहे ते. मी निघालेच होते तुझ्याकडे तावातावानं. त्यांनी माझा पदर धरला. लिहिलं, थांब. ती सांगेल."

मी त्यांच्या हातातल्या सदऱ्याकडे बघत राहिले.

"मी म्हटलं, नाही सांगितलं तर? लिहिलं, रामभाऊची सून आहे. सांगेल." काकूंनी घडी बाजूला ठेवली, दुसरा सदरा उचलला. "मी रोज तुझ्याकडून परत आले की ते माझ्या तोंडाकडे बघायचे. मी मान हलवायचे. नाही म्हणून. तू बादली आणून द्यायचीस ना, तेव्हापण बघायचे तुझ्याकडे. ताप आल्यावर मी रडून म्हटलं, आता मी जाऊन बोलते. तर चिडले. लिहिलं, माझंपण चुकलं. तेव्हाच पुन्हा विचारायला हवं होतं."

"काकू, साखरपुडा होईपर्यंतच... मी दुसऱ्याच दिवशी फोडलं. खरंच फोडलं."

"हो. मोरी कोरडी झालेली बघितली मी." त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. ना राग, ना माया. "शरदकडे गेल्यावरही तेच. दार वाजलं की बघायचे. फोन वाजला की बघायचे. तुझाच असेल म्हणून. शेवटी आदल्या संध्याकाळी माझ्यानं राहवेना. मी कानाशी जाऊन सांगितलं, शैलाचा फोन आला होता. सगळं कबूल केलं तिनं. लाइन मोकळी केली. या म्हणाली परत."

"मग?"

"मग हसले. अर्ध्या तोंडानं हसता येतं तेवढं. आणि गाढ झोपले. कितीतरी दिवसांनी झोपले."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही.

"उठ," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यासाठी खोटं नाही बोलले. त्यांना शांतपणानं जाता यावं म्हणून बोलले. तुझं तू बघ."

शरद परत आला. बाहेर रिक्षा उभी होती. काकूंनी घराला कुलूप लावलं आणि पायरीवरची कपड्यांची पिशवी उचलायला वाकल्या. मी पुढे होऊन ती आधी उचलली. त्यांचा हात क्षणभर पिशवीच्या बंदावर राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला.

मी पिशवी रिक्षापर्यंत नेली. त्यांनी नेऊ दिली.